भुवईचं शून्य

सकाळी सातची पाळी सुरू झाली. महिन्याभराच्या रजेवरून परतलेल्या तृप्ती शिवलकरने कपाळपट्टी बांधली आणि काचेच्या खोलीतून धक्क्यावरच्या एका कंटेनरवर नजर लावली. क्रेन सरकत त्याच्यावर आली, चारही कोपऱ्यांना आकडे अडकले. आता भुवया किंचित उचलायच्या की कंटेनर वर. नऊ वर्षं ती हेच करत आली होती. आज मात्र क्रेन जागची हलली नाही आणि पडद्यावर अक्षरं उमटली: चालक झोपेत आहे.

तृप्ती टक्क जागी होती. इतकं लख्ख तर तिला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं.

जांभूळखाडी बंदरात हातांनी क्रेन चालवायचे दिवस संपले होते. कंटेनर निवडायचा नजरेने, चढवायचा-उतरवायचा भुवईने. कपाळाच्या कातडीखाली भुवया वर ओढणारा एक पातळ, रुंद स्नायू असतो. तो आवळला की अगदी बारीक विद्युतलहर उठते, ती पट्टी वाचते आणि क्रेनला कळवते. हातापेक्षा हे लवकर होतं, म्हणून तासाला तीस कंटेनर असा नियम झाला होता. तृप्ती चौतीस उचलायची, आणि ते चारचौघांत सांगायची संधी सोडायची नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी, याच रजेत, तिने वरच्या पापण्यांवर लोंबणारी कातडी काढून घेतली होती. हौस म्हणूनच. आरशात रोज दमलेली बाई बघायचा तिला कंटाळा आला होता आणि त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. डॉक्टर फरहाना मुकादम यांनी आधीच बजावलं होतं, पापणी हलकी झाली की भुवया थोड्या खाली येतील. तृप्तीला वाटलं, त्या दिसण्याबद्दल बोलताहेत. येऊ देत की, असं म्हणून तिने सही करून टाकली होती.

क्रेन अडली त्याच दिवशी दुपारी ती दवाखान्यात पोहोचली. डॉक्टरांनी आधीचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी ठेवून मोजलं. भुवया साडेतीन मिलिमीटर खाली आल्या होत्या.

"कातडी डोळ्यांवर येत होती, म्हणून तुमचा मेंदू दिवसभर भुवया वर धरून ठेवायचा. तुम्हाला न विचारता," डॉक्टर म्हणाल्या. "आता नीट दिसतंय, तर त्यानं सोडून दिलं. तुमच्या कपाळपट्टीनं तो ताणच शून्य म्हणून धरला होता; त्याहून सैल कपाळ म्हणजे तिच्या लेखी झोप. संध्याकाळी कपाळ दुखायचं का हो?"

दुखायचं, रोज. बंदराच्या गोंगाटाने दुखतं असं समजून ती बाम चोळून गप्प बसायची. ऑपरेशननंतर ते एकदाही दुखलं नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं आणि तिला डॉक्टरांसमोरच रडू फुटलं. राग कुणावर काढावा तेच कळेना.

पाळीप्रमुख विलणकर मनाने वाईट माणूस नव्हता. त्याने पट्टीचं शून्य नव्याने लावून घेतलं. पण आवळलेला स्नायू चटकन हलतो, सैल स्नायूला वेळ लागतो, आणि तृप्तीची गाडी चोविसावर अडली. पंधरा दिवसांत तीस झाले नाहीत तर तिची खुर्ची जाणार होती. कंपनीच्या अभियंत्याने यावर उपाय आणला. नखाएवढी, कातडीच्या रंगाची वजनदार चिकटपट्टी. पाळीपुरती ती पापणीवर लावायची. पापणी जड झाली की मेंदू आपोआप भुवया उचलणार, आणि पहिला वेग परत येणार.

"काढून टाकलेलं ओझं पुन्हा चिकटवून घेऊ?" तृप्ती म्हणाली. "ते नाही जमायचं. मी सैल कपाळानंच तीस करून दाखवते."

रोज पाळी संपली की ती सरावाच्या यंत्रावर बसायला लागली. सुरुवातीला ती भुवया जोर करून ताणायची, त्याने वेळ वाढतच गेला. नवव्या दिवशी तिला एक गोष्ट उमगली. पूर्वी आवळलेल्या स्नायूला खाली सोडायला वावच नव्हता, त्यामुळे कंटेनर दणकन बसायचा आणि पुन्हा सरळ करण्यात वेळ जायचा. आता भुवई हळूहळू सोडता येत होती, आणि कंटेनर झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा टेकत होता. चढवताना गेलेला वेळ उतरवताना भरून निघायला लागला. सव्वीस झाले, मग अठ्ठावीस. पंधराव्या दिवशी तास संपायला चार सेकंद असताना तिसावा कंटेनर टेकला.

विलणकरने टाळ्या वाजवल्या आणि मग तो जमिनीकडे बघायला लागला. चिकटपट्टी वाया गेली नव्हती. ज्यांच्या पापण्या चांगल्या होत्या अशा अकरा चालकांनी आठवडाभर ती लावून बघितली होती, आणि तासाला चार कंटेनर जास्त निघत होते. सोमवारपासून चिकटपट्टी सगळ्यांना सक्तीची आणि नियम चौतीसचा, असा वरून आदेश आला होता.

"तुम्हालाही लावावी लागेल, ताई. माझ्या हातात काही नाही."

"आणि या लोकांची कपाळं दुखतील, त्याचं काय?"

"अहवालात तसा रकानाच नाही," तो हळूच म्हणाला.

तृप्ती तडक विश्रांतीच्या खोलीत गेली. ते अकरा जण पापण्यांवर चिकटपट्ट्या लावून पाळीची वाट बघत बसले होते. आवाज न चढवता तिने सगळं सांगितलं, साडेतीन मिलिमीटर, नऊ वर्षांचं बाम चोळणं, डॉक्टरांसमोर आलेलं रडू.

"सोमवारी मी चिकटपट्टी लावणार नाही. एकटीनं नाही म्हटलं तर मला काढतील. सगळ्यांनी म्हटलं तर धक्का बंद पडेल. माझ्याबरोबर कोण येतंय?"

अकरा चेहरे तिच्याकडे बघत होते. यातला कोण भित्रा, कोणाला पटलंय, कोण आत्ता जाऊन साहेबांना सांगेल, हे तिला एरवी एका नजरेत कळायचं. आज सगळ्यांच्या भुवया सारख्याच उचललेल्या होत्या. ती संमती होती, भीती होती की नुसतं पापणीवरचं वजन, काहीच कळत नव्हतं.

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या मधोमध बसली. "मला घाई नाही," ती म्हणाली. "आधी पट्ट्या काढा, मग उत्तर द्या."

पापणीकडे पहिला हात कुणाचा जाणार होता?