चार नंबरचा डावा हात

आमच्या कंपनीत आम्ही पाच जण आणि एक रोबोट. कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये, कॅलट्रेन या लोकल गाडीच्या रुळांपासून दोन गल्ल्या अलीकडे, टायरच्या एका दुकानामागे आमचं गोदाम आहे. कार्यक्रमांसाठी माणसासारखा दिसणारा रोबोट भाड्याने द्यायचा, हा धंदा. प्रदर्शनं, ऑफिसच्या पार्ट्या, लग्नं, वाढदिवस. रोबोट व्हॅनमधून न्यायचा, चालू करायचा, कार्यक्रमभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि परत आणायचा, हे माझं काम. मी अनुप. मूळचा नागपूरचा. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, आणि स्वभावही जवळजवळ तोच. आकडा दिसल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही.

रोबोट आम्ही नवा घेतला नव्हता. रॉटरडॅमच्या एका कंपनीकडून तो आला. त्यांच्याकडे असे सहा होते आणि दोन वर्षं ते युरोपभर भाड्याने फिरत होते. लिस्बनला परिषद, व्हिएन्नाला लग्न, आणखी कुठे कसलं उद्घाटन. त्यातला हा चौथा. छातीवर पांढऱ्या रंगात चारचा आकडा होता, तो आम्ही पुसला नाही. चार नंबर हेच त्याचं नाव पडलं.

त्याचं एक काम लोकांना फार आवडायचं. दाराशी तो डावा हात कोपरात वाकवून उभा राहायचा. एखाद्या वयस्क पाहुण्याने त्या हातावर हात टेकला की त्यांच्या चालीने चालत त्यांना रिकाम्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचा. कोपरात वजन मोजणारा सेन्सर आहे. वजन पडलं की चालायचं. माणूस हळू तर हळू, माणूस थांबला की थांबायचं. वजन नसेल तर तो जागचा हलत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. मराठी कार्यक्रमांसाठी माझ्या बायकोच्या, उपासनाच्या आवाजात त्याच्यात एक वाक्य भरलं होतं: "या, बसा. काही लागलं तर सांगा."

मे महिन्यात आमच्या लोकांचा बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या कॅफेटेरियात. आयोजन सुजाताताईंचं. त्या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, पण अशा दिवशी सकाळपासून खिरीच्या पातेल्याजवळ सापडतात. चार नंबरने दुपारभर छान काम केलं. वंदना झाली, एका पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. सगळे पांढऱ्या कपड्यांत शांत बसले होते. दार लावलेलं होतं. मी भिंतीला टेकून टॅबलेट बघत होतो.

चार नंबर दारापासून निघाला.

डावा हात वाकवलेला होता आणि त्यावर कुणाचा हात नव्हता. तीन पावलं टाकून तो थांबला. पुन्हा तीन पावलं, पुन्हा थांबला. मुलं हसायला लागली. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून असा तो दुसऱ्या रांगेपर्यंत गेला आणि सुजाताताईंच्या शेजारच्या खुर्चीपाशी उभा राहिला. त्या खुर्चीवर त्यांची पर्स होती. तो वाट पाहत राहिला. ताईंनी ओशाळून पर्स मांडीवर घेतली.

"या, बसा," तो उपासनाच्या आवाजात म्हणाला. "काही लागलं तर सांगा." मग नेहमीच्या चालीने तो दाराकडे परत गेला.

मी तिथल्या तिथे टॅबलेटवर त्याच्या नोंदींचा लॉग उघडला. डाव्या कोपरावर तीन किलो वजन. एक मिनिट चाळीस सेकंद.

सामान आवरताना ताईंनी विचारलं, "अनुप, कुणाला आणत होता रे तो?"

"सेन्सर बिघडलाय, ताई. रिकाम्या हातालाच वजन समजतोय."

त्या पातेलं पुसत होत्या. "आमचे बाबा असेच चालायचे," त्या म्हणाल्या. "तीन पावलं, मग थांबायचं. रेल्वेत होते, गुडघा गेला होता. एकवीस साली वारले. मला जाता आलं नाही. कोविडमुळे व्हिसाचं स्टॅम्पिंग बंद होतं, गेले असते तर परत येता आलं नसतं. फोनवर पाहिलं सगळं."

माझी आई त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेली. तिचंही सगळं मी फोनवरच पाहिलं होतं, गाडी पार्किंगमध्ये लावून. ताईंना मी ते सांगितलं नाही.

सेन्सर बदलला. वाळूची पिशवी टांगून दोन दिवस तपासला. एका ग्रॅमचाही फरक येत नव्हता.

जूनमध्ये कूपर्टिनोला मोरेश्वरकाकांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. त्यांच्या लेकीने, उल्काने, कॉलनीच्या क्लबहाउसमध्ये दुपारचं जेवण ठेवलं होतं. काका पुण्याचे, निवृत्त प्राध्यापक, हातात काठी. केक कापून झाला, ताटं वाढली गेली आणि चार नंबर दारापासून निघाला. या वेळी चाल वेगळी होती. लहान लहान, भराभर पावलं. टॅबलेटवर वजन दिसत होतं, जेमतेम एक किलो. कुणी नुसती बोटं टेकवावीत तेवढं. तो काकांच्या शेजारच्या खुर्चीपाशी थांबला.

मी धावत गेलो. "सॉरी काका, थोडा प्रॉब्लेम आहे, मी याला बंद करतो."

काकांनी हात वर करून मला थांबवलं. शेजारच्या खुर्चीला टेकवलेली काठी काढून दुसऱ्या बाजूला ठेवली. आपलं ताट थोडं सरकवून जागा केली. चार नंबर त्याचं वाक्य बोलला आणि परत गेला.

"घाई फार होती उल्काच्या आईला," काका म्हणाले. "मंडईत जायचं तरी मी दहा पावलं मागे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती गेली तेव्हा मी इथे होतो. नातवंडं सांभाळायला."

जेवण होईपर्यंत ते त्या खुर्चीकडे वळून अधूनमधून काहीतरी हळू बोलत होते. उल्काने ते पाहिलं आणि ती स्वयंपाकघराकडे निघून गेली.

त्या आठवड्यात मी रॉटरडॅमला ईमेल केला. पूर्वी हा रोबोट तिकडे जो माणूस सांभाळायचा, त्याच्याच नावाने. काय घडलं ते सविस्तर लिहिलं, सोबत लॉग जोडले, आणि विचारलं की तुमच्याकडे असं कधी झालं होतं का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोनच वाक्यं होती. होय, झालं होतं. मधेच थांबवू नका.

मी पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

जुलैमध्ये सँटा क्लाराला एका सॉफ्टवेअर कंपनीची परिषद होती. मोठा हॉल, तीनशे माणसं, देशोदेशीची. आमचा मालक परीक्षित स्वतः आला होता, कारण गिऱ्हाईक मोठं होतं. सकाळच्या दुसऱ्या भाषणात चार नंबर निघाला. लांब लांब टांगा. वजन अकरा किलो. इतकं वजन हातावर टाकणारा माणूस उंच असणार आणि खूप दमलेला असणार, असं माझ्या मनात आलं. हा विचार मी का करतोय, हेही मनात आलं.

तो हॉलच्या मध्यावर पोचला तेवढ्यात मंचाजवळच्या बाईंनी परीक्षितकडे पाहून हाताने खूण केली. परीक्षित माझ्या कानाशी आला.

"अनुप, थांबव यार. सगळे त्याच्याकडेच बघतायत."

"एक मिनिट दे. खुर्चीपर्यंत जाऊ दे त्याला."

"कसली खुर्ची? बंद कर!"

माझ्या हातात त्याला दुरून थांबवायचं लाल बटण होतं. मी ते दाबलं.

चार नंबर एक पाऊल पुढे टाकलेल्या अवस्थेत थिजला. वाकवलेला हात तसाच होता. मी टॅबलेटकडे पाहिलं. त्याचे पाय थांबले होते, पण कोपरावरचं वजन गेलेलं नव्हतं. अकरा. अकरा. नऊ सेकंद अकरा. मग आठ, पाच, तीन. मग शून्य. कुणीतरी वाट पाहावी आणि मग हात काढून घ्यावा, तसं.

मी पुन्हा चालू केला तेव्हा त्याने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. त्यानंतर तो दाराकडे परत गेला. हॉलच्या मध्यभागी दोन रांगांमध्ये मोकळी जागा होती. चहाच्या सुट्टीत माणसं तिथून ये-जा करत होती. मी मात्र दिवसभर बाजूने फिरून गेलो.

परीक्षितने त्याच संध्याकाळी ठरवलं, चार नंबर परत पाठवायचा. "एक शेवटचं बुकिंग आहे," तो म्हणाला. "सुजाताताईंची. त्यांना कॅन्सल करतो म्हटलं तर नकोच म्हणाल्या. तोच पाहिजे म्हणे."

ऑगस्टमधला शनिवार. ताईंची मुलगी मैत्री कॉलेजसाठी पूर्व किनाऱ्याकडे निघाली होती, तिची निरोपाची पार्टी. एका बागेतला छोटा हॉल, चाळीस माणसं.

आदल्या दिवशी मी उपासनाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी काय करायच्या विचारात आहे, ते तिने न सांगताच ओळखलं.

"आईंना यायचं असेल तर त्यांना रोबोट कशाला लागेल?" ती म्हणाली.

"तिला इथलं काही माहीत नव्हतं. विमानतळसुद्धा पाहिला नव्हता तिने. कुणीतरी हात धरून आणायला नको?"

दुसऱ्या दिवशी उपासनाची शिफ्ट होती, म्हणून मी एकटाच गेलो. परीक्षितने चार नंबर सकाळीच व्हॅनने आणून ठेवला होता, आणि संध्याकाळी तोच उचलायला येणार होता. मी माझ्या गाडीने गेलो होतो.

मी शेवटच्या रांगेत बसलो आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवली. कुणी बसायला आलं तर "कुणीतरी येतंय" म्हणून सांगितलं. आईची चाल मला पाठ होती. डावा पाय जरा घासत टाकायची, आणि उंबरा असला की आधी हाताने चौकट धरायची. टॅबलेट मांडीवर घेऊन मी बसलो होतो. लाल बटण मी मुद्दाम गाडीत ठेवून आलो होतो.

मैत्री भाषण करत होती, इंग्रजीत, मधूनच "आई, डोन्ट क्राय" म्हणत. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. साडेचार वाजले होते.

चार नंबर निघाला.

सुजाताताईंनी मान वळवली. तो त्यांच्या रांगेपाशी आला आणि पुढे गेला. मोरेश्वरकाका आणि उल्काही आले होते. त्यांच्याही पुढे गेला. तो माझ्याकडे येत होता. मी उभा राहिलो, खुर्ची हाताने पुसली.

मग मी त्याच्या पायांकडे पाहिलं.

लांब लांब टांगा होत्या.

मी टॅबलेटकडे पाहिलं. अकरा किलो.

तो माझ्यासमोर येऊन थांबला. वाकवलेला हात माझ्या शेजारच्या खुर्चीकडे वळला. वजन हळूहळू उतरलं. आठ, पाच, तीन, शून्य. या वेळी त्याला कुणी अडवलं नव्हतं.

"या, बसा," तो म्हणाला. "काही लागलं तर सांगा."

आणि दाराकडे परत गेला.

मी बसलो. शेजारची खुर्ची तशीच होती, पांढरी, घडीची, उन्हात. समोर टाळ्या वाजत होत्या.

"माफ करा," मी हळूच म्हणालो. "त्या दिवशी तुमचं माणूस तिथे होतं. ते कोण, मला माहीत नाही."

तीनशे माणसांपैकी कोण, ते कळायला काही मार्ग नव्हता. मी पार्टी संपेपर्यंत तिथून उठलो नाही. उठून जाणं बरं दिसलं नसतं, एवढंच तेव्हा सुचत होतं.

सहाच्या सुमाराला परीक्षितने चार नंबर व्हॅनमध्ये चढवला. खोक्यात घालताना त्याचा डावा हात सरळ केला, पट्टे बांधले. मी सुजाताताईंचा निरोप घेतला. "खुर्ची धरून बसला होतास, आलं का रे तुझं कुणी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यातून त्यांना काय समजलं, कोण जाणे. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि मैत्रीसाठी केलेल्या करंज्यांचा डबा दिला.

गाडीत बसलो. डबा मागे ठेवला. लॉरेन्स एक्सप्रेसवेवर नेहमीसारखी गर्दी होती, समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं. पहिल्या सिग्नलला थांबलो. रेडिओ लावला नव्हता. घरी गेल्यावर उपासनाला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

शेजारून बारीक घरघर ऐकू आली.

उपासना ठेंगणी, शेजारची सीट ती कायम पार पुढे घेऊन ठेवते. सीट सरकवायचं बटण पलीकडे, दाराच्या बाजूला आहे. बसल्या जागेवरून माझा हात तिथे पोचत नाही.

सीट मागे सरकत होती. हळूहळू, मोटरच्या एकसारख्या आवाजात, ती शेवटपर्यंत मागे गेली आणि थांबली.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

मग बसणाऱ्याला जरा जास्तच झालं असावं, तशी ती दोन बोटं पुढे आली.