नत्थुजीचा सहावा

पहिला

दर्यापूरच्या बाजारात परवापर्यंत कुणी थाप मारली, की ऐकणारा म्हणे, “हा नत्थुजीचा सहावा!” जावयाचं कौतुक असो, बैलाचं वय असो, नाहीतर समुद्रापलीकडे लढाई जुंपली म्हणून सगळं जग आपला कापूस मागतंय ही बातमी असो. शाळेतही तेच. मी तिथला मास्तर, कमलाकांत. मीही एकदोनदा म्हटलं असेल.

नत्थुजी दर उन्हाळ्यात गावची गुरं घेऊन मेळघाटात जात. परत आले की तीन गोष्टी सांगत. वर पहाडात पायात पांढरे मोजे घातलेला काळा रेडा असतो. मांजराएवढी तांबडी खार असते, ती या झाडावरून त्या झाडावर उडते. आणि गाविलगडाजवळच्या एका कड्यावर हाक मारली की पाच बोल परत येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण थांबलं तर सहावाही येतो. तो आपला नसतो.

या शेवटच्या वाक्याला बाजार हसे.

गेल्या साली ते पहाडावरून ताप घेऊनच उतरले आणि आठ दिवसांत गेले. माणूस गेला, म्हण राहिली.

यंदा, म्हणजे १८६४ च्या भाद्रपदात, त्यांची बायको मैनाबाई शाळेच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली, पाठ ताठ.

“मास्तर, मी पहाडावर जाऊन राहिली. तुमी संगं चाला. जे दिसन ते लिहून घ्या. माह्या सांगण्याले कोन मानते?”

“पण एकदम कशासाठी, बाई?”

“काल माही सून शकुन बाजारातून आली. म्हणे, तो तेली नुसते नत्थुजीचे सहावे मारून राहिला. मंग जीभ चावली पोरीनं. आमच्याच घरात, मास्तर.”

ही म्हण ज्यांनी काढली ते भगवंतराव, पाटलांचे धाकटे भाऊ, ओट्यावरच बसले होते. ते मोठ्याने हसले. “चाला, वैनी! मी बी येतो. मोज्यातला रेडा मलेही पाहू द्या. इथं तर मोजे फक्त साहेबच घालतेत.”

“अन् सहावा आला तर, भाऊजी?”

“आला तर भर बाजारात पागोटं काढून तुमच्या पायावर ठेवतो.”

दुसरा

एलिचपूरपर्यंत बैलगाडी. पुढे पायी. वाट दाखवायला पहाडावरच्या वाडीतला गोवर्धन गवळी होता. विचारल्याशिवाय बोलत नसे.

काळी माती संपली. पाऊस थांबला तरी झाडं तासभर गळत राहत. खोडांवर शेवाळं, शेवाळ्यात बोटभर नेचे, आणि मध्येच धुकं असं येई की पुढच्या माणसाची नुसती घोंगडी दिसे. भगवंतराव दर वळणावर बसत. मैनाबाई बसत नसत.

“वैनी, जरा दम घ्या ना!”

“माह्या वाटचा तुमीच घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवर्धनने हात वर केला. जांभळाच्या शेंड्यावर तांबूस काहीतरी पसरलं होतं. त्याने मान वळवली, झुबकेदार शेपूट सोडलं आणि वीस हातांवरच्या सागावर झेप घेतली. मी वहीत लिहिलं : शेकरू. मांजराहून लांब, शेपटीसह.

“एक,” मैनाबाई म्हणाल्या.

दुपारी झऱ्याकाठी आधी वास आला, गोठ्यासारखा, पण त्याहून उग्र. मग बांबूच्या बेटातला अंधार हलला. काळं तुकतुकीत अंग, खांद्यावर उंचवटा, आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरेशुभ्र. गव्याने आमच्याकडे पाहिलं, फुरफुरला, निघून गेला. भगवंतराव तो गेला त्या जागेकडे पाहतच राहिले.

“मोजेच हायेत,” ते कुजबुजले.

“दोन.” मैनाबाई रडत होत्या आणि हसत होत्या.

त्या रात्री गोवर्धनच्या वाडीत मुक्काम केला. अंधार पडायच्या आत तो चुकलेली म्हैस शोधायला गेला आणि घेऊन आला.

तिसरा

सकाळी कड्यावर पोचलो. खाली दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. वाटेभर रानकोंबडा आरवत होता. कड्याशी आलो आणि तो गप्प झाला. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, म्हणून मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायला लागलो.

भगवंतरावांनी तोंडाशी हात धरले. “हाय काय रे कोनी?”

पाच बोल आले, एकापेक्षा एक लहान. पाचवा बाराव्या ठोक्याला. मग काही नाही. वीस. तीस. भगवंतराव पागोटं सारखं करत वळले. “झालं, वैनी? आता...”

चाळिसाव्या ठोक्याला सहावा आला.

तो पहिल्याहूनही मोठा होता. जवळून आला. आणि तो भगवंतरावांचा नव्हता.

“मैना! ये ना व!”

तो घोगरा आवाज दर्यापुरात कुणीही ओळखला असता. भगवंतराव दोन पावलं मागे सरले.

मैनाबाई मात्र कड्याच्या टोकाशीच उभ्या होत्या. “नाव घेतलं,” त्या म्हणाल्या. “छत्तीस वर्सं झाली. ‘अवं, ऐकते काय’ याच्यापलीकडं गेले नाईत कधी. आज नाव घेतलं माहं!”

चौथा

पुन्हा करून पाहिल्याशिवाय मी काही मानत नाही.

मैनाबाईंनी पदर खोचला आणि उखाण्याबाहेर पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव घेतलं. “नत्थुजी!” पाच बोल त्यांचे. सहावा भगवंतरावांचा : “हाय काय रे कोनी?”

मग मी ओरडलो, “एक, दोन, तीन!” पाच माझे. सहावा मैनाबाईंचा.

नियम उघड होता. कडा प्रत्येकाला त्याच्या आधीच्या माणसाची हाक परत देतो. म्हणजे भगवंतरावांच्या आधी इथे शेवटची हाक नत्थुजींनी मारली होती, गेल्या उन्हाळ्यात. ती वर्षभर इथे थांबली. कशी, ते मला ठाऊक नाही. थांबली, एवढं मी लिहिलं.

“तीन!” मैनाबाई दरीकडे तोंड करून म्हणाल्या. पाटलाच्या वाड्यातही ऐकू जावं, अशा.

पाचवा

बाजाराच्या दिवशी मी वही वाचली. भगवंतरावांनी पागोटं काढलं, वाकले. मैनाबाईंनी ते वरच्यावर झेललं आणि आपल्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

आता दर्यापुरात शंकाच नको अशी गोष्ट असली, की म्हणतात, “नत्थुजीचा सहावा!”

मैनाबाई पुढच्या भाद्रपदात पुन्हा जाणार. एकट्या. “बोलावलं हाय,” म्हणतात.

सहावा

“मास्तर, मी गोवर्धन. तूप घेऊन खाली आलो होतो, म्हणून इथवर आलो. तुमची वही लोकाइनं ऐकवली. एक गोष्ट त्यात नाई. तवा बाई हासून राहिली होती, म्हणून बोललो नाई. त्या कड्यावरून आमी गवळी रोजच हाक मारतो. पाचाच्या पुढं थांबत नाई, एवढंच. तुमी गेले त्याच्या आदल्या सांजेले माही म्हैस चुकली होती. मी तिथंच उभा राहून तिले हाक मारली. माह्यामागून सकाळपर्यंत तिकडं कोनी गेलं नाई. वाट माह्या दारावरून जाते. भगवंतरावाले सहावा माहा यायले पायजे होता.”