ताईने न घेतलेलं नाव

"ताई, आज सभेला येऊ नकोस," धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला, आणि शिवणयंत्रावरचा तिचा पाय थांबला.

कितीतरी महिन्यांनी तो घरी आला होता, आणि आला तोही हे सांगायला... पंप बनवणाऱ्या ज्या कंपनीचा तो सचिव होता, तिची आज वार्षिक सभा होती.

"तू उठून काही विचारलंस, तर व्यासपीठावर मी कुठं तोंड लपवू?"

"माझेही शेअर आहेत रे. ऐकायला तरी येते."

 तो आला तसा निघून गेला.

आईवडिलांच्या माघारी लोकांचे कपडे शिवून तिनं त्याला शिकवलं होतं, आणि 'पुढं बघू, पुढं बघू' म्हणता म्हणता तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं. पण त्याचं तिला कधी वैषम्य वाटलं नाही. अंतःकरणात रुतला होता तो काटा वेगळाच. चार वर्षांपूर्वी "आमच्या कंपनीचे दिवस पालटतायत, घेऊन ठेव," असं त्यानं मोठ्या हौसेनं सांगितलं, आणि तिनं तितक्याच हौसेनं ते आपल्या शिवणवर्गातल्या बायकांना सांगितलं. अठरा रुपयांचा तो शेअर आता ऐंशी पैशांवर लोळत होता. कंपनी पत्रांना उत्तर देत नव्हती, फोन उचलत नव्हती. बायका विचारत, "तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?" आणि ती म्हणे, "कुणी नाही, माझीच दुर्बुद्धी." तिनं दलाली खाल्ली, असंही कुणीतरी उठवलं. एकेक करत वर्ग रिकामा झाला, पण भावाचं नाव तिच्या ओठांवर आलं नाही.

सभेत अध्यक्षांनी अहवाल वाचला : बाजारातली प्रतिकूल परिस्थिती, उज्ज्वल भवितव्य...

"साहेब, गेल्या वर्षी हेच वाचलंत," एक निवृत्त पोस्टमन उठून म्हणाले. "निदान शब्द तरी बदलायचे."

हशा पिकला. वेळ संपल्याचं सांगत अध्यक्ष कागद आवरू लागले, तेवढ्यात ताईच्या शिवणवर्गात काजं करणारी बाई उठली. तिचं बोट मात्र अध्यक्षांकडे नव्हतं.

"ह्यांना काय विचारायचं? ही आमची ताई... हिच्या शब्दावर मी मुलीच्या शिक्षणाचे पैसे घातले." आणि तिला रडू कोसळलं.

ताई उभी राहिली. व्यासपीठाकडे नजर जाऊ नये म्हणून तिनं ती जमिनीवरच ठेवली. "चूक माझी आहे. मला कुणीही काही सांगितलं नव्हतं," ती हात जोडून म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"खोटं बोलतेय ती," धाकटा म्हणाला. "तिला मी सांगितलं होतं. माझी सख्खी बहीण आहे ती... इतके दिवस ती माझ्यासाठी बोलणी खातेय, हे मला आज, इथं कळतंय." अध्यक्षांनी माईक बंद करायला लावला, तसा त्यानं आवाज चढवला. "कारखाना अकरा महिने बंद आहे. अहवालात ते लिहिलेलं नाही. त्या अहवालावर माझीही सही आहे."

त्याची नोकरी गेली. चौकशी लागली, त्यात त्याचंही नाव होतं. शेअरचे व्यवहारच थांबले आणि बायकांच्या हाती तूर्त काही आलं नाही. पण तक्रारीचे अर्ज लिहून घ्यायला त्या ताईच्या खोलीत जमू लागल्या, आणि ते अर्ज धाकटा लिहून देऊ लागला.

एके दुपारी सही करता करता ती काजं करणारी बाई त्याला म्हणाली, "बहीण एवढं सोसतेय, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं असतं, तर आधीच बोललो असतो."

"नसतास बोलला," ताई कापडावरून मान वर न करता म्हणाली.

त्याची लेखणी थांबली. डोळे भरून आले.

"पण बोललास ना शेवटी," ती हळूच म्हणाली, आणि पुढचा अर्ज त्याच्याकडे सरकवला.