मावशीच्या ओव्हनमधली माती

तिला तो मिळाला, आणि सेन्सर मात्र तिने दुसऱ्याच कंपनीचा घेतला. पण हे तुम्ही वाचलंच नाही. अजून काहीच झालेलं नाही. ती नर्सरीत उभी आहे, आणि तो कोण हे तिला ठाऊकही नाही.

रोपांच्या ट्रेमधल्या, ओलावा मोजणाऱ्या दोन दातांच्या सेन्सरने 'माती कोरडी' असा निरोप दिला म्हणून तिने फवारे सोडले, आणि दाराशी कुणीतरी शिंकलं. एक उंच माणूस नखशिखांत भिजून उभा होता. शेजारच्या कोल्ड स्टोरेजला निघालेला, दार चुकून इथे शिरलेला सेन्सरविक्या.

"माती कोरडी आहे?" केसांतलं पाणी निपटत त्याने विचारलं.

"सेन्सर म्हणतो."

"माझे बूट वेगळं म्हणतायत…"

बूट घोट्यापर्यंत चिखलात होते. तिला हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. मागच्या खेपेची सगळी रोपं मुळं कुजून गेली होती. 'पोरीचा हात पाण्याला सैल', असं काकांनी गावभर केलं होतं, आणि नर्सरी काकांची. ह्या वेळचीही गेली तर तिची रवानगी बिलाच्या टेबलावर. तिला माणसांपेक्षा रोपं बरी वाटत; रोपं सुटे पैसे मागत नाहीत.

त्याने त्याच ट्रेमध्ये आणखी दोन सेन्सर खुपसले—एक चपटा त्याच्या कंपनीचा, एक चपटा तुलनेसाठी बाळगलेला, दुसऱ्या कंपनीचा. तिघांनी तीन आकडे सांगितले, वाटणीला बसलेल्या भावांसारखे. खरं कोण बोलतंय ते कळायला एकच उपाय, तो म्हणाला. ओली माती तोलायची, ओव्हनमध्ये आख्खा दिवस वाळवायची, पुन्हा तोलायची. घटलं तेवढं पाणी.

ओव्हन होता मावशीकडे. माती भाजायची म्हटल्यावर मावशीने जराही आश्चर्य दाखवलं नाही. बहिणीच्या पोरीकडून तिच्या याहून वेगळ्या अपेक्षा नव्हत्या. अट एकच—ओव्हनसमोर कुणीतरी बसायचं. म्हणून दोघं बसली. तापल्या मातीचा वास स्वयंपाकघरात दाटला. बोलता बोलता त्याची खुर्ची जवळ सरकत होती. त्याचं म्हणणं, फरशीला उतार आहे. मावशी अधूनमधून डोकावून, मीठ घातलं का, एवढं विचारून जाई.

माती वाळली, तोलली. जुना सेन्सर चक्क खोटारडा निघाला. दात गंजल्यामुळे तो चिखलालाही कोरडं म्हणत होता. म्हणजे तिचा हात सैल नव्हताच. डोळे पुसायला तिने जे उचललं, तो ओव्हनचा हातमोजा निघाला.

"हा घ्या." त्याने दुसऱ्या कंपनीचा चपटा पुढे केला. "हाच खरं बोलतो. आमचा जरा… आशावादी आहे."

"तुमची विक्री गेली की."

"गेली."

"तुमचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही." ती थांबली. "आणि मग तुम्ही परत कशाला येणार?"

"मीही कालपासून तेच शोधतोय…" तो हातमोज्याकडे बघत म्हणाला. "मातीचं मिश्रण बदललं, की सगळं पुन्हा भाजून बघावं लागतं म्हणे."

"म्हणे?"

"लागतंच."

तिने ट्रेमध्ये मूठभर वाळू टाकली. "बदललं."

सबब, सदर मिश्रण वाळण्यास यापुढे एका दिवसाऐवजी किमान एक महिना लागावा, अशी संबंधित मातीस उभयतांच्या सहीनिशी नम्र विनंती आहे.