तिसऱ्या मजल्यावरची इस्त्री

बाबा दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीत बसून पार्किंग टॉवरमध्ये वर गेले आणि खाली आली ती नुसती गाडी. पण असं काही झालेलं नाही. कंपनी म्हणते झालेलं नाही, पोलीस म्हणतात झालेलं नाही, आणि मी कंपनीचा पगार घेतो, तेव्हा माझ्याही मते झालेलं नाही. जे झालेलं नाही ते पहिल्यापासून सांगतो.

मेट्रो स्टेशनच्या जिन्याला लागून आमचा टॉवर आहे. उंच, करड्या पत्र्याचा, नावाला एक खिडकी नाही. लोक खालच्या लोखंडी ट्रेवर गाडी उभी करतात, उतरतात आणि मेट्रोने कामाला जातात. मी केबिनमधून हिरवं बटण दाबतो. ट्रे गाडीला उचलून वर नेतो आणि एका खणात सरकवून ठेवतो. आत माणसाला चढायला जिना नाही, दिवाही नाही. गाड्यांना अंधाराची भीती वाटत नाही असा कंपनीचा अंदाज आहे.

बटण दाबण्याआधी एक नियम पाळायचा. वाकून गाडीत बघायचं आणि मोठ्याने विचारायचं, "गाडीत कोणी आहे?" उत्तर आलं नाही तर दाबायचं. ज्यांना उत्तर आलेलं चालत नाही असे प्रश्न सरकारी कचेऱ्यांत पुष्कळ असतात. आमच्याकडे एवढाच आहे.

या जागी पूर्वी आमची इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोर, आमची खोली. मग मेट्रो आली. मेट्रोला प्रवासी हवेत, प्रवाशांना गाड्या हव्यात, गाड्यांना जागा हवी. नको असलेले तेवढे आम्ही उरलो. आम्हाला लाइनच्या शेवटच्या स्टेशनजवळ तात्पुरत्या खोल्या दिल्या. तात्पुरत्या म्हणजे किती, असं विचारलं की साहेबलोक फार प्रेमाने पाणी पुढे करतात. शिवाय घरटी एक नोकरी. मला ही मिळाली. माझी केबिन आहे तिथे पूर्वी इमारतीचे संडास होते, त्यामुळे तिथे तासन्‌तास बसायची सवय जुनीच.

आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. बाबा ते घरोघर पोचवायचे. तात्पुरत्या खोलीत इस्त्री लावली की अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडायचा. शेजाऱ्यांनी आधी समजावून सांगितलं, मग ओरडून सांगितलं. आईने वायर गुंडाळून इस्त्री कपाटावर ठेवली. आधी तिचं काम गेलं, मग बोलणं गेलं, मग ती गेली. दाखल्यावर कारण हृदयाचं लिहिलंय. फ्यूजसाठी तिथे रकाना नव्हता.

तेव्हापासून बाबा रोज मेट्रोने माझ्या केबिनमध्ये येऊन बसायचे.

"काय सोय झालीय बघ लेका," म्हणायचे. "आपल्या घरापर्यंत थेट गाडी. घर तेवढं नाही."

पहिली तक्रार विमा विकणाऱ्या एका गृहस्थांची. गाडी ताब्यात घेतली, मागचं दार उघडलं आणि माझ्यावर उखडले.

"माझ्या कोटाला हात कोणी लावला?"

"काय झालं कोटाला?"

"इस्त्री केलीय कोणीतरी!"

चोरी झाल्यासारखं म्हणाले. कोट मागच्या सीटवर व्यवस्थित घडी करून ठेवलेला होता. सकाळी बोळा करून फेकला होता, असं ते शपथेवर सांगायला तयार होते. गाडीत गरम कापडाचा, पाणी शिंपडल्यावर येतो तो वास होता. काचा आतून धुरकट झाल्या होत्या.

मग एका मुलीचा शाळेचा गणवेश. मग एका वकिलांची टेबलावर घालायची चादर. आमच्या साहेबांनी अंधारातही टिपणारे आतले कॅमेरे पाहिले. गाड्या उभ्या होत्या, बाकी काही नव्हतं. साहेब कर्तव्यदक्ष माणूस. त्यांनी भीती वगैरे वाटून न घेता या सेवेचे वेगळे पैसे लावता येतील का, अशी वरिष्ठांकडे चौकशी केली. चार लोकही मुद्दाम चुरगळलेले शर्ट टाकून जायला लागले.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट साहेबांच्या लक्षात आली नाही. हे सगळं एकाच खणातल्या गाड्यांचं होत होतं. तिसऱ्या थरात, पूर्वी जिथे आमच्या जिन्याचा कठडा संपायचा त्याच्या समोर. आणि बाह्यांची घडी जराशी डावीकडे झुकलेली असायची. आई डावरी होती.

डोकं ठिकाणावर असलेला माणूस अशा वेळी उष्णता, हवेचा दाब असे शब्द वापरतो. मीही वापरले. मी एकटाच होतो, त्यामुळे कोणी खोडून काढले नाहीत. बाबांना मात्र काही सांगितलं नाही. त्यांच्यामागे आई गेल्याचं दुःख होतं, तेवढं पुरे होतं.

पण एका दुपारी डॉक्टरीणबाईंची गाडी खाली आली तेव्हा बाबा केबिनच्या दारातच उभे होते. बाई मागच्या सीटवरचे पांढरे अ‍ॅप्रन उचलून बघत होत्या. बाबांनी पुढे होऊन एकाची बाही हातात घेतली. मग गालाला लावली. बाई बिचाऱ्या अ‍ॅप्रन तसाच धरून राहिल्या. अनोळखी माणसं तोंड वाकडं करून समोर बसायची त्यांना सवय असावी.

"गरम आहे," बाबा मला म्हणाले.

"इंजिनाची उष्णता असते, बाबा."

"इंजिन डावरं असतं होय रे?"

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले. शर्टाला इस्त्री नव्हती.

"आज काय विशेष?" मी विचारलं.

"घरी जायचंय."

"आत्ता तर आलात. लगेच परत शेवटच्या स्टेशनला?"

"ते तुझं घर असेल."

मला समजलं. मी त्यांचा हात धरला. "बाबा, वर हवा नाही, उजेड नाही, उभं राहायला फळी नाही. आई गेली. आता तुम्हीही असलं काही केलंत तर मी कोणाकडे बघायचं?"

"तू आधी केस काप," ते म्हणाले. "कपाळावर येतायत."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. गाडी ट्रेवर लावली आणि मेट्रो चुकेल म्हणून पळाल्या. मी त्यांना पावती द्यायला चार पावलं मागे धावलो. परत वळून पाहतो तर बाबा गाडीच्या मागच्या सीटवर. मांडीवर चुरगळलेल्या अ‍ॅप्रनचं गाठोडं.

"उतरा," मी म्हणालो. दार उघडेना. ते आतून कुलूप लावून बसले होते.

मागे हॉर्न सुरू झाले. साहेब तरातरा आले. "काय रे, गाडी काय शोभेला ठेवलीस? रस्त्यापर्यंत रांग गेलीय."

"साहेब, आत माझे वडील बसलेत."

साहेब वाकले. काचेला नाक लावून त्यांनी आत पाहिलं. बाबांच्या आणि त्यांच्या तोंडात वीतभर अंतर होतं. बाबांनी अदबीने पाय जवळ घेतले.

"विचार," साहेब मला म्हणाले.

"तुम्हाला दिसतायत ना?"

"मला नियम दिसतो. विचार."

मी विचारलं. "गाडीत कोणी आहे?"

बाबांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"कोणी नाही," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये शिरून त्यांनीच हिरवं बटण दाबलं.

मी त्यांना ढकलून लाल बटण दाबलं. ट्रे डोक्याइतक्या उंचीवर थांबला.

बाबा काचेतून खाली बघत होते. रागावलेले नव्हते. घरोघर कपडे घेऊन जायचे तेव्हा दार उघडायला उशीर झाला की असेच बघत उभे असायचे.

ट्रे पुन्हा वर निघाला.

माझं बोट लाल बटणावर होतं. मी ते काढलं नव्हतं.

वर, तिसऱ्या थराजवळ, कडी काढल्याचा आवाज आला.

टॉवरमध्ये एकही दार नाही.

संध्याकाळी गाडी खाली आली. अ‍ॅप्रनच्या घड्या रचून ठेवलेल्या होत्या. मागच्या सीटपुढे बाबांच्या चपला होत्या, घरात शिरताना काढाव्यात तशा, जोडीने. कुलूप अजून आतूनच होतं.

पोलिसांनी कॅमेरा पाहिला. मागच्या सीटवर कपड्यांचं गाठोडं दिसतं. साहेब वाकताना दिसतात. मी वेड्यासारखा बटणावर तुटून पडलेला दिसतो. चपला हरवलेल्या सामानात जमा झाल्या. पुनर्वसन कचेरीने अर्जदार बेपत्ता म्हणून आमच्या पक्क्या घराच्या अर्जाची फाइल बंद केली. इतक्या वर्षांत तिथे इतकं झटपट काम झालेलं मी पाहिलं नव्हतं.

मी वर माणूस पाठवायला लावला. त्याने दोरावरून उतरून खण पाहिला. रिकामा होता. खाली आल्यावर तो बराच वेळ हात पुसत राहिला. आतली भिंत कोमट लागली, एवढंच म्हणाला.

काल त्या खणातून एक गाडी आली. मालकाने मागची सीट बघून मला हाक मारली. "हे माझं नाही."

माझा शर्ट होता. सकाळी तो मी शेवटच्या स्टेशनजवळच्या खोलीत, दोरीवर, चुरगळलेला सोडून आलो होतो. घडी डावीकडे झुकलेली. माझ्या हातात तो अजून गरम होता.

तरी कंपनीच्या संबंधित कार्यालयास नम्र विनंती की, तिसऱ्या थरातील सदर खण वाहनतळातून वगळून तीन व्यक्तींची राहती जागा म्हणून मंजूर करावा. पैकी दोन व्यक्तींनी ताबा घेतला आहे. तिसरी व्यक्ती सध्या आपल्याच सेवेत असल्याने तिला यायला उशीर होईल. तोपर्यंत वर एक दिवा चालू ठेवण्याची परवानगी असावी.