शेणकिड्यांचा माळ

त्याच्या पोत्यात तिचेच पेले होते!

आदल्या संध्याकाळी कंबर मोडेस्तोवर वाकून तिने ते माळावर पुरले होते. काठ मातीच्या बरोबरीने, वर काडीला कापडात बांधून टांगलेला शेणाचा गोळा. आणि आता ते सगळे एका उंच, हसऱ्या, इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाच्या पोत्यात खडखडत होते.

“काय माणसं असतात बघा,” तो म्हणाला. “एवढ्या छान गवतात प्लास्टिक टाकून जातात! सगळं वेचून काढलं मी.”

“ते प्लास्टिक माझं आहे.”

“अरेरे... तुम्ही टाकलंत?”

“पुरलं! शेणकिडे धरायला!” तिचा आवाज चिरकला. “रात्री ते वासावर येतात, पेल्यात पडतात, सकाळी मी मोजून सोडून देते. जितके जातीजातीचे किडे, तितकी जमिनीची तब्येत ठणठणीत. शेतातले मोजले, नव्या घरांच्या मधले मोजले... हा माळ तेवढा राहिला होता. आणि तुम्ही...”

“मी काय?”

“शेण खाल्लंत!”

त्याने पोत्यात डोकावून पाहिलं. “अजून नाही,” तो गंभीरपणे म्हणाला.

तिला हसू फुटणार होतं. म्हणून तर ती जास्तच चिडली.

पुढचं ऐकून मात्र तिचं हसू पार आटलं. तो नकाशा कार्यालयातला. कुठली जमीन कशी वापरात आहे, ते रंगवणारा. नकाशात हा माळ ‘पडीक’ होता. या आठवड्यात त्याने तसं लिहून दिलं की इथे गोदामं उभी राहणार होती.

“पडीक? उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही! खाली उतरून कधी बघितलंय?”

“आज उतरलोय ना,” तो हळूच म्हणाला. “सांगा, काय करू?”

“ताजं शेण आणा.”

त्याने आणलं. पलीकडच्या गोठ्यातल्या मावशी त्याच्या मागोमाग बघायला आल्या. “अगं, लोकांची पोरं फुलं घेऊन येतात, तुझा हा बादली घेऊन आला!”

“माझा नाहीये तो, मावशी!”

“बरं बाई, बादलीचा.”

त्या माणसाने तिला नुसते नाकी नऊ आणले. खड्डा वाकडा, पेला तिरका, आणि शेणाच्या गोळ्याला फुलासारखी गाठ! “काठ वर राहिलाय,” ती करवादली. “किडा काय शिडी लावून चढणार आहे?” त्याने निमूटपणे पेला उपटला, पुन्हा बसवला. पुन्हा तिरका. झुळूक आली, तिची बट डोळ्यांवर आली. दोन्ही हात भरलेले. ती फू-फू करत राहिली. त्याने कोपर पुढे केलं आणि झोपलेल्या बाळाच्या अंगावर दुलई सारावी इतक्या हलक्या हाताने... हाताने कुठलं, कोपराने... बट बाजूला सारली.

“पेला तिरका आहे,” ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

सकाळी पेले भरले होते. काळे, तांबूस, हिरवी झाक मारणारे, एक तर चक्क शिंगवाला! तो गुडघ्यावर बसून बघत राहिला. इस्त्रीची विजार चिखलात, पण त्याला भान नव्हतं.

“शेतात इतके होते?”

“निम्मेसुद्धा नाहीत. नव्या घरांपाशी तर जवळजवळ नाहीतच.”

“आणि मी याला पडीक लिहिणार होतो,” तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने ‘गवताळ कुरण’ लिहिलं. साहेब भडकले म्हणे. आठवड्याच्या शेवटी तो माळावर आला, तेव्हा ती शेवटचे पेले उपसत होती.

“काय झालं? गोदामं?”

“थांबली. पण साहेब म्हणाले, एकदा मोजून काय कळतं? दरवर्षी मोजून दाखवा, तोवर थांबू.”

तिने डोळे मिटले. सुटकेचा श्वास. मग उघडले, तर तो अजून तिथेच, घसा खाकरत.

“तर दरवर्षी... म्हणजे माणसं तीच असली तर आकडे जुळतात, असं तुम्हीच... म्हणजे मी विचार करत होतो...”

“अहो, बोला एकदाचं! किडेसुद्धा तुमच्याआधी पोचतात!”

“मी येईन. दरवर्षी. माळावर...” त्याने शर्टाची बाही सारखी केली. “आणि मधल्या दिवसांत घरी. आपल्या. तुमची हरकत नसेल तर.”

मनगटापर्यंत बरबटलेले हात तिने त्याच्यापुढे नाचवले.

“हे आत्ता विचारायचं? हात बघ माझे!”

तो एकदम थांबला. “तुम्ही मला ‘बघ’ म्हणालात...”

“म्हणालात नाही,” तिने वैतागून, लाल होत सांगितलं. “म्हणालीस. सगळं शिकवावं लागतं का रे तुला?”