उलट्या कवडीची ओढणी

पुसदहून दिग्रसले जाणारी एसटी गतिरोधकावर आदळली अन् खिडकीजवळच्या पोट्ट्याच्या मांडीवरल्या गाठोड्याची गाठ सुटली. आतून आरसे चमकले... उन्हाचे ठिपके थेट आमच्या लाखीच्या गालावर! लाखी म्हणजे माही नात. रूप माह्यावर गेलं, जीभ माह्याहून लांब.

ती टक लावून पाहत राह्यली. पोट्टं लाजलं.

"माह्या तोंडाले काही लागलं का?"

"तुमच्या तोंडाले कोण पाहून राह्यलं? थे ओढणी आमची हाये."

"कायवरून?"

"शेवटून दुसरी कवडी पाहा. उलटी निघन."

उलटीच निघाली. पोट्ट्याचं हसू तिथंच विरलं.

माह्या सासूच्या आजेसासूची ओढणी होय ते. घरात येणाऱ्या दरेक सुनंनं तिच्यावर एक कवडी टाकायची, म्हंजे सुई-दोऱ्यानं टाचायची, ही आमची रीत. माही उलटी लागली. सासू म्हणे उसव. मी म्हणलं, माही हाये, अशीच राहीन! अन् मी कळंबले चिंतामणीच्या दर्शनाले गेलती, तेवढ्यात माह्या सुनंनं, कांतानं, ते जुनेर समजून भांडेवालीले देल्ली. बदल्यात काय, तं स्टीलचा डबा! त्या डब्यातली भाकर मी आजवर तोंडात घेतली नाही.

पोट्टं होतं भावसिंग, दिग्रसकडल्या तांड्याचं. एका व्यापाऱ्याकडे अशा कपड्यांचे फोटो काढून गाठोडी दिग्रसच्या गोदामात पोचवायची नोकरी.

"शेठ म्हणते चिंध्या हायेत," तो हळूच म्हणला. "सांजच्या ट्रकनं मुंबई... तिथून जहाजानं परदेशात."

"शंभर वर्षांवरची अशी चीज देशाबाहेर नेता येत नाही. कायदा हाये. अन् तुमच्या मायची, याडीची ओढणी नसंन का त्या चिंध्यात?"

त्यानं गाठोडं कवटाळलं. मंग एकदम उठला अन् ओरडला, "मास्तर, गाडी थांबवा!"

दोघं उतरले. तो सरळ आमच्या दारात. मी पहिलं इचारलं, "कोणत्या गोताचा?"

"पवार."

आम्ही राठोड. जमते, म्या मनात म्हणलं.

"दादी!" लाखी लालेलाल. "तो ओढणी घेऊन आला, वरात घेऊन नाही!"

सूर्य खाली उतरून राह्यलता. भावसिंगनं पोलिसाले फोन लावला, आपलं नाव सांगितलं, गोदामाचा पत्ताही.

"नोकरी जाईन ना तुमची," लाखी पुटपुटली.

"जाऊ द्या... तुम्ही अशाच बोलत राह्यल्या तं बस."

ट्रक दिग्रसच्या नाक्यावर अडवला! दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या अंगणात गाठोडी सुटली अन् तांड्या-तांड्याच्या बाया तुटून पडल्या. एकीनं टाक्यावरून आपल्या याडीचा फेटिया, आरशांचा घागरा, ओळखला, त्यात तोंड खुपसून हुंदके देल्ले. पोलीसच रडवेला झालता, बावा!

आमची ओढणी मात्र पुराव्यात अडकली. कोर्टाची तारीख सांगाले भावसिंग दर बाजाराच्या दिवशी यायचा. फोनवर सांगता येत होतं की! पण फोनवर लाखीच्या हातचा चहा कुठं भेटते? तारीख एका घोटात सांगून व्हायची... कप मात्र सांजवरी रिकामा होत नव्हता.

शेवटी ओढणी सुटली. त्यानंच आणून माह्या मांडीवर ठेवली. मंग खिशातून एक कवडी काढली.

"दादी, सुई-दोरा द्या."

"कायले रे?"

"नवीन येणाऱ्यानं टाकायची रीत हाये ना..."

"थे सुनाईची रीत होय, लेकाच्या!"

"मंग जावयाची आजपासून सुरू करा."

मी लाखीकडं पायलं. पोट्टी काही बोलंना. पहिल्यांदा! गुपचूप सुई ओवली अन् त्याच्या हाती देल्ली. बोटाले बोट लागलं तशी सुई खाली पडली, पुन्हा उचलली.

त्यानं टोचून घेत, घामाघूम होत, कवडी टाकली. उलटी!

"उसव थे," मी डाफरली.

लाखीनं कवडीवर झटकन तळहात ठेवला.

"राहू दे, दादी. कवडी माही हाये... अन् टाकणाराही."